मोटारींतील ध्वनिसंचास कॅपॅसिटर हवा काय?

लग्नसराईच्या दिवसांत सातारा-सांगलीकडील रस्त्यांनीं रात्रीं प्रवास करण्याचा प्रसंग ज्यांस आला असेल, त्यांनीं एक गोष्ट खचित पाहिली असेल. वऱ्हाडाची जीप गाणें वाजवीत समोरून येत असते, आणि आंतील ढोलाचा प्रत्येक ठोका पडतांच तिच्या पुढच्या दिव्यांचा उजेड क्षणभर मंद होतो. पुन्हां उजळतो, पुन्हां मंद होतो. रस्त्यावरच्या पोरांस याची मौज वाटते, परंतु गाडीच्या मालकास मौज वाटत नाहीं. तो दुसऱ्या दिवशीं दुकान गांठतो, आणि दुकानदार त्याच्यापुढें लोट्याएवढें एक चकचकीत नळकांडें ठेवतो. "हा कॅपॅसिटर बसवा, म्हणजे दिवे मिचकावणें बंद होईल, आवाज खणखणीत होईल आणि बॅटरीही वांचेल," असें त्यास सांगण्यांत येतें.

हें सांगणें कितपत खरें आहे, याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे. विषय क्षुल्लक आहे, असें कोणी म्हणेल. परंतु ज्या घरांत गाडीच्या भाड्यावर चूल पेटते, त्या घरास बॅटरी केव्हां बसेल आणि पैसा कोठें वांया जाईल, हे प्रश्न क्षुल्लक नसतात. शिवाय जें आपण शाळेंत पदार्थविज्ञानाच्या तासास शिकतों, तें व्यवहारांत उपयोगीं पाडावयाचें नाहीं, तर शिकावयाचें कशाला? माझें मत आरंभींच सांगून टाकतों. कॅपॅसिटरचें काम खरें आहे, पण तें फार थोडें व क्षणापुरतें आहे. ज्या दुखण्यावरचें औषध म्हणून तो विकला जातो, त्या दुखण्याचें मूळ बहुधा दुसरीकडे असतें, आणि तें शोधल्यावांचून कॅपॅसिटर घेणें म्हणजे पैसे गमावणें होय.

आपल्या भागांत या वस्तूवर लोकांचा विश्वास बसावा, यास कारणें आहेत. घरांतील छताचा पंखा हळू फिरूं लागला कीं वायरमन येतो, "कंडेन्सर गेला" म्हणतो, नवा बसवितो, आणि पंखा पूर्ववत् फिरूं लागतो. कृष्णाकांठच्या मळ्यांतून पंपाच्या पेटीशेजारीं कॅपॅसिटर लावलेला दिसतो. तो लावावा म्हणून महावितरण कंपनी शेतकऱ्यांस वारंवार सांगत आली आहे, कारण त्यामुळें तारांवरील व रोहित्रावरील प्रवाहाचा भार हलका होतो. जुन्या जीपगाडींत पॉइंटाजवळ लहानसा कंडेन्सर असे. तो बिघडला कीं पॉइंट जळत व गाडी अडून बसे. इतक्या ठिकाणीं ज्याचा गुण डोळ्यांनीं पाहिला, तो ध्वनिसंचाच्या कामींही गुणकारी असेल, असें साध्या माणसास वाटलें तर त्यांत नवल नाहीं.

परंतु येथेंच फसगत होते. पंख्यास व विहिरीवरील पंपास मिळणारी वीज उलटसुलट वाहणारी असते. आपल्या देशांत ती सेकंदास ५० आवर्तनें करते, म्हणजे सेकंदांत १०० वेळां दिशा बदलते. तेथील कॅपॅसिटर प्रत्येक आवर्तनांत भरतो व रिकामा होतो. त्यास अखंड काम असतें. उलट, मोटारगाडींतील वीज एकाच दिशेनें वाहणारी असते. तेथें तो एकदां भरला कीं स्वस्थ बसतो. विजेचा दाब उतरला तरच आपल्याजवळचें थोडेंसें देतो, आणि दाब चढतांच तितकेंच परत घेतो. मळ्यांतील अनुभव गाडीस लावणें म्हणजे बैलाचें औषध घोड्यास पाजण्यासारखें आहे.

कॅपॅसिटर ही वस्तु नवी नाहीं. १७४५-४६ च्या सुमारास युरोपांत क्लाइस्ट व मुशेनब्रुक या दोघांनीं, एकमेकांच्या नकळत, कांचेच्या बरणींत वीज सांठविण्याची युक्ति शोधून काढली. हॉलंडांतील लायडन शहरावरून तिला 'लायडनची बरणी' असें नांव पडलें. धातूचे दोन पत्रे समोरासमोर ठेवावयाचे, आणि मध्यें वीज वाहूं न देणारा पडदा घालावयाचा, एवढीच तिची घडण. आजचा कॅपॅसिटर मुळांत याच घडणीचा आहे. त्याची धारणशक्ति ज्या मापानें मोजतात, त्यास मायकेल फॅरडे (१७९१-१८६७) या इंग्रज शास्त्रज्ञाच्या नांवावरून 'फॅरड' म्हणतात. हें माप फार मोठें आहे. रेडिओंतील पुष्कळसे कॅपॅसिटर फॅरडच्या दशलक्षांशांत मोजले जातात. गाडीसाठीं विकला जाणारा मात्र बहुधा एक फॅरडचा किंवा त्याहून मोठा असतो. हा आंकडा ऐकून ग्राहक दिपतो. परंतु मापाचें नांव मोठें असलें म्हणून सांठाही मोठा असतो, असें नाहीं. तो हिशेब करून पाहण्यापूर्वीं, गाडींत वीज येते कोठून, हें पाहूं.

माण-खटाव किंवा जत-आटपाडीकडील वाचकांस हें चटकन् समजेल. विहिरीस झरा असावा लागतो, घरीं टांकी असावी लागते, आणि हाताशीं तांब्या असावा लागतो. गाडींत झऱ्याचें काम अल्टरनेटर करतो. इंजिन चालू असेपर्यंत तो साधारणपणें १३.८ ते १४.४ व्होल्ट दाबानें वीज पुरवितो. बॅटरी ही टांकी. झरा बंद असेल किंवा अपुरा पडेल, तेव्हां ती देते. पूर्ण भरलेली असतांना तिचा दाब सुमारें १२.६ व्होल्ट असतो. कॅपॅसिटर हा तांब्या. तांब्यानें पाणी टांकीच्या नळापेक्षांही चटकन् ओततां येतें, हा त्याचा गुण आहे आणि तो नाकारण्याचें कारण नाहीं. परंतु तांब्या भरावयाचा तो त्याच विहिरीच्या पाण्यानें. झरा आटला असतां घरांत दहा तांबे मांडून ठेवले, तरी तहान भागत नाहीं. आडांत नाहीं तें पोहऱ्यांत कोठून येणार, असें आपले वडील म्हणत आले; या विषयाचें सार त्या एका म्हणींत आहे.

आतां हिशेब. कॅपॅसिटरमधील ऊर्जा काढावयाची असेल, तर दाबाच्या वर्गास धारणशक्तीनें गुणून निम्मे करावें. एक फॅरडचा कॅपॅसिटर १४ व्होल्टांपर्यंत भरला, तर त्यांत ९८ ज्यूल ऊर्जा राहते. दाब १२ व्होल्टांपर्यंत उतरला, तरी त्यांतील ७२ ज्यूल आंतच असतात. म्हणजे उपयोगास आले ते अवघे २६ ज्यूल. गाडीच्या ॲम्प्लिफायरनें १००० वॅट ओढले, तर तो एका सेकंदांत १००० ज्यूल गट्ट करतो. आपले २६ ज्यूल त्यास ०.०२६ सेकंद पुरतील. सेकंदास ४० कंपनें करणाऱ्या खोल स्वराच्या एका कंपनास ०.०२५ सेकंद लागतात. तेव्हां या चकचकीत नळकांड्याची सारी पुंजी त्या स्वराच्या एका कंपनांत संपली. दुसऱ्या कंपनाचें काय? तिसऱ्याचें काय? उलटपक्षीं, ४५ अँपिअर-तासांच्या साध्या बॅटरींत, १२ व्होल्ट धरून, कागदावर १९,४४,००० ज्यूल होतात. ते सर्व काढून घेतां येत नाहींत, व घेऊंही नयेत. तथापि २६ ज्यूलांशीं ताडून पाहिलें तर हा सांठा सुमारें ७५ हजार पट आहे.

हा हिशेब मला शाळेंत येत होता, पण त्याचा अर्थ मला कळला तो माझ्या आतेभावामुळें. तो तासगांव तालुक्यांतला. भाड्याची गाडी चालवितो, आणि सांगलीपासून साताऱ्यापर्यंत वऱ्हाडें पोंचवितो. वऱ्हाडी मंडळींस गाणीं हवींत म्हणून त्यानें मोठा संच बसविला. दिवे मिचकावूं लागले, तेव्हां एका दुकानदारानें त्यास कॅपॅसिटर घ्यावयास लाविला. तीन फेऱ्यांची कमाई त्यांत गेली. "दादा, आतां बॅटरीची काळजी नाहीं," असें त्यानें मला मोठ्या आनंदानें सांगितलें. मींही, हिशेब येत असतां, कांहीं बोललों नाहीं. पुढें माघांतल्या एका रात्रीं वरात थांबली असतां, डिझेल वांचावें म्हणून त्यानें इंजिन बंद केलें आणि तासभर गाणीं वाजूं दिलीं. सरासरी ४० अँपिअर प्रवाह तासभर वाहिला, तर ४५ अँपिअर-तासांच्या बॅटरींत उरतें काय? वरात आटोपली, मंडळी गाडींत बसली, आणि किल्ली फिरवितांच नुसती टक् टक् झाली. रात्रीचा एक वाजलेला, आसपास दुकान नाहीं, आणि गाडींत नवरीची आजी. तरुण पोरांनीं गाडी ढकलली. पण ती चालू होईपर्यंत ती म्हातारी रस्त्याच्या कडेस थंडींत घोंगडी पांघरून बसली होती. आतेभावास त्या रात्रींचें भाडें मागण्याचें तोंड राहिलें नाहीं.

दुसऱ्या दिवशीं कराडच्या एका वृद्ध मिस्त्रीकडे आम्ही गाडी नेली. त्यांनीं कॅपॅसिटरकडे पाहिलेंही नाहीं. प्रथम बॅटरी चार्ज केली, इंजिन चालू करविलें, गाणें मोठ्यानें लावावयास सांगितलें, आणि मल्टीमीटरच्या दोन सुया आधीं बॅटरीवर व मग ॲम्प्लिफायरवर टेकविल्या. बॅटरीवर १४.१ व्होल्ट, आणि ॲम्प्लिफायरवर १२.६. "हे बघ पोरा," ते म्हणाले, "दीड व्होल्ट वाटेतच सांडतंय. घागरीला भोक असताना तांब्या मोठा घेऊन काय करणार?" त्यांनीं अर्थिंगचा बोल्ट सोडला. तो रंगाच्या थरावरच कसलेला होता. खालचा रंग खरवडून त्यांनीं पत्रा उघडा केला, बोल्ट पुन्हां कसला, आणि बारीक वायर काढून जाड तांब्याची घातली. पुन्हां मोजलें, तों ॲम्प्लिफायरवर १३.७ व्होल्ट भरले. दिव्यांचें मिचकावणें जवळजवळ थांबलें. कॅपॅसिटर तेव्हां बांकावर काढून ठेवलेला होता.

यांत जादू कांहींच नाहीं. ओहमचा नियम तेवढा आहे. समजा, ॲम्प्लिफायरपर्यंत ५ मीटर लांबीची तांब्याची वायर आहे, आणि तींतून ७५ अँपिअर प्रवाह वाहतो. वायरीचा छेद ६ चौरस मिलिमीटर असेल, तर तिच्यांतच एक व्होल्टाहून थोडा अधिक दाब खर्ची पडतो. छेद २५ चौरस मिलिमीटर केला, तर पाव व्होल्टच पडतो. बाजारांत तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायरही मिळते. ती दिसावयास तांब्याचीच, किंमतीस स्वस्त. पण तिचा विरोध शुद्ध तांब्याच्या दीडपटीहून अधिक असतो. हा दोष कोणत्याही कॅपॅसिटरनें झांकला जात नाहीं. कारण वायर जोंवर बारीक आहे, तोंवर कॅपॅसिटर भरावयाचा तोही त्याच बारीक वाटेनें.

आतां दुसरी बाजूही ऐकली पाहिजे. कोणी म्हणेल, "मीं कॅपॅसिटर बसविला, आणि माझ्या गाडीचे दिवे मिचकावावयाचे थांबले, हा माझा अनुभव." अनुभव खोटा म्हणतां येत नाहीं. परंतु तो बसवितांना बसविणारानें बॅटरीचीं टोकें साफ केलीं, सैल नट कसले, कदाचित् नवी वायरही ओढली. मग गुण कोणाचा, कॅपॅसिटरचा कीं साफसफाईचा? हें पाहण्याचा मार्ग सोपा आहे. बाकी सर्व तसेंच ठेवून कॅपॅसिटर तेवढा काढावा, आणि पुन्हां मोजावें. दुसरें असें कीं, जेथें अल्टरनेटर पुरेसा आहे, बॅटरी धड आहे, वायर जाड आहे, आणि तरीही तीव्र ठोक्यास दिवे किंचित् थरथरतात, तेथें कॅपॅसिटर ती थरथर कमी करूं शकतो. क्षणभर वीज देण्यांत तो बॅटरीहून तत्पर आहे, हें मीं वर मान्य केलेंच आहे. मोटारींतील रेडिओंत खरखर येऊं नये म्हणूनही लहान कॅपॅसिटर पूर्वींपासून वापरीत आले आहेत, आणि तो उपयोग निर्विवाद आहे. ॲम्प्लिफायरच्या पोटांतही असे कॅपॅसिटर असतातच. माझा आक्षेप वस्तूवर नाहीं. तिच्या नांवें दिलेल्या भरमसाट आश्वासनांवर आहे. ती वीज उत्पन्न करीत नाहीं, बॅटरीचें वय वाढवीत नाहीं, आणि अपुऱ्या अल्टरनेटरची उणीव भरून काढीत नाहीं.

याची साक्ष आपल्या डोळ्यांपुढेंच आहे. गणेशविसर्जनाच्या मिरवणुकींत ट्रॅक्टरवर किंवा ट्रकवर ध्वनिवर्धकांचा जो डोंगर रचतात, आणि ज्यास आपल्याकडे सरसकट 'डॉल्बी' म्हणतात, त्याचा मालक काय करतो? तो सोबत जनरेटर आणतो. खूप वीज खर्चावयाची तर ती उत्पन्न करणारें यंत्र हवें, हें त्यास धंद्यानें शिकविलें आहे. तोच न्याय जीपगाडीसही लागू आहे. लहान गाडीचा अल्टरनेटर ८० अँपिअरचा धरला, आणि त्यांतले ३० ते ४० अँपिअर दिवे, पंखे, वातानुकूलन व इंजिन यांनींच घेतले, तर ७५ अँपिअर मागणाऱ्या ॲम्प्लिफायरला द्यावयाचें कोठून? त्यांत इंजिन मंद फिरत असतांना अल्टरनेटर पुरी वीज देतही नाहीं.

म्हणून ज्यास खरोखर उपाय करावयाचा आहे, त्यानें क्रमानें जावें. प्रथम मोजावें, मल्टीमीटर ही महाग वस्तु नव्हे. बॅटरीवरचा व ॲम्प्लिफायरवरचा दाब यांत अर्ध्या व्होल्टाहून अधिक अंतर असेल, तर दोष वायरींत किंवा अर्थिंगमध्यें आहे, तो काढावा. बॅटरीवरच दाब १३ च्या खालीं जात असेल, तर झरा अपुरा आहे, किंवा पट्टा सैल आहे, तो पाहावा. बॅटरी जुनी झाली असेल तर बदलावी. इतकें करून भागत नसेल, तर मोठ्या अल्टरनेटरचा विचार करावा. आणि सर्वांच्या शेवटीं, हौस असेल व पैसा असेल, तर कॅपॅसिटर घ्यावा. तो घेतला तर प्रथम भरतांना मध्यें रोधक किंवा दिवा जोडून हळूहळू भरावा, नाहीं तर मोठी ठिणगी उडते. धन व ऋण टोकांची उलटापालट होऊं देऊं नये. आणि बॅटरीजवळच फ्यूज घालण्यास विसरूं नये, कारण जाड वायर कोठें घासली गेली, तर गाडीच पेटावयाची.

याहूनही स्वस्त असा एक उपाय आहे, आणि तो कोणताही दुकानदार सांगत नाहीं. आवाज तीन डेसिबेलांनीं उतरवावा. तेवढ्यानें लागणारी वीज निम्मी होते, आणि कानास फरक जेमतेम जाणवतो. सन २००० च्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांनीं वस्तीच्या भागासाठीं दिवसा ५५ व रात्रीं ४५ डेसिबेल ही मर्यादा घातली आहे; तेव्हां बटण थोडें मागें फिरविल्यानें बॅटरीचें, शेजाऱ्यांचें व कायद्याचें, अशीं तीन कामें एकदम होतात.

विद्यार्थिमित्रांनो, यांतून घ्यावयाचा धडा ध्वनिसंचापुरता नाहीं. चकचकीत नळकांडें पुढें करून कोणी मोठा आंकडा सांगेल, तेव्हां तुम्हीं एवढेंच विचारावें: हें देणार तें आणणार कोठून? वहीच्या एका पानावर हिशेब मांडावा, दोन ठिकाणीं मोजून पाहावें, आणि मग पैशाच्या पिशवीस हात घालावा. माझ्या आतेभावाच्या वेळीं मला हिशेब येत होता, पण मीं तो सांगितला नाहीं, आणि एका म्हाताऱ्या माउलीस थंडींत बसावें लागलें. येत असलेली विद्या वेळेवर बोलून दाखविली नाहीं, तर ती न येण्यासारखीच होय. तो अपराध माझा आहे. त्याची थोडीशी भरपाई व्हावी, म्हणूनच हा लेख लिहिला आहे.